पाच खटके

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सकाळी सव्वानऊ वाजता ओडेसा प्रुइटच्या उजव्या हाताच्या तर्जनीने राजीनामा दिला. आधी नोटीस नाही की कुरकुर नाही. ओडेसा नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पहिल्या तारखेची तीन कामं तिच्या नवऱ्याने, थर्मनने, लावून दिली होती. थर्मन जाऊन बारा वर्षं झाली तरी कामं कुठे गेली नव्हती. एक, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची जाळी बदलायची. दोन, छताला लावलेल्या धुराच्या गजराचं बटण झाडूच्या दांड्याने दाबायचं आणि तो अजून बोंबलतो आहे याची खात्री करून घ्यायची. तीन, पर्समधलं अडतीसचं छोटं रिव्हॉल्व्हर काढायचं, पाचही काडतुसं बशीत ओतायची आणि ते पाच वेळा रिकामं वाजवायचं. जाळी बदलून झाली होती. गजर बोंबलून गप्प झाला होता. काडतुसं बशीत पडली होती. काडतुसं बसतात त्या गोल चकतीची पाच भोकं तिने खिडकीकडे धरून बघितली, पाचांतूनही समोरच्या घराचं पिवळं पडलेलं मेपलचं झाड दिसलं, मग चकती बंद करून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरावर नेम धरला आणि चाप ओढला. चाप अर्ध्यावर येऊन थांबला. खरं तर चाप थांबला नव्हता, बोट थांबलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी कुणीतरी तापलेला कंगवा टेकवावा तशी एक कळ मनगटापर्यंत आली आणि तिथेच खुर्ची टाकून बसली. ओडेसाने बोटाकडे बघितलं. गेली अठ्ठेचाळीस वर्षं बायकांच्या केसांत फिरलेलं, वाकडं, मध्यावर गाठ आलेलं ते बोट. ते तिच्याकडे बघायला तयार नव्हतं.

या रिव्हॉल्व्हरचा घोडा आत झाकलेला होता, पर्सच्या अस्तरात अडकू नये म्हणून. त्यामुळे आधी अंगठ्याने घोडा मागे ओढून काम हलकं करून घ्यायची सोय नव्हती. जे काही करायचं ते चापाने, आणि चापाला बारा पौंडांचा जोर लागायचा. बारा पौंड म्हणजे मध्यम आकाराची टर्की, थर्मन सांगायचा, एका बोटाने उचलायची. एकतीस वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला त्याने हे रिव्हॉल्व्हर वॉफल करायच्या यंत्राच्या खोक्यात घालून दिलं होतं. खोकं बघून ओडेसाला इतका आनंद झाला की तिने आत बघण्याआधीच त्याच्या गालाचा मुका घेतला, आणि मग आत बघितलं. त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही. थर्मनला वाटलं, रंग आवडला नसेल. पुढच्या वाढदिवसाला त्याने रिव्हॉल्व्हरच्या खोक्यात घालून वॉफलचं यंत्र द्यायचा प्रयत्न केला, ते मावलं नाही. थर्मन शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. कुठली गोष्ट कुठल्या खोक्यात मावते हे त्याला बसच्या बाबतीत बरोबर कळायचं, बाकी बाबतीत नाही. पण रिकामं वाजवायची सवय त्याने लावली आणि त्या सवयीत ओडेसाने आपलं एक घुसवलं. प्रत्येक खटक्याला एक आभार. तो तिने कधी ठरवला नाही, तो आपोआप आला. चाप मागे येताना तोंडात काहीतरी गोळा व्हायचं आणि घोडा पडला की बाहेर पडायचं. खट्, प्रभू, गुडघे चालताहेत त्याबद्दल. खट्, सेड्रिकला नोकरी लागली त्याबद्दल. खट्, शेजारणीचं कुत्रं मेलं त्याबद्दल, आणि असं म्हटल्याबद्दल क्षमा. चर्चमध्ये तिला प्रार्थना कधी नीट जमली नाही. तिथे डोळे मिटले की समोरच्या रांगेतल्या टोप्या दिसायच्या. इथे नळी रिकामी असायची, घर शांत असायचं, आणि एकतीस वर्षांत या रिव्हॉल्व्हरने कागदाच्या माणसांशिवाय कुणालाही काही केलेलं नव्हतं. हाच दर महिन्याचा पाचवा आभार, न चुकता. आज पाचच्या पाच आभार बोटात अडकून राहिले. तिने दोनदा करून बघितलं. मग काडतुसं परत भरली, कारण रिकामं रिव्हॉल्व्हर पर्समध्ये नुसतं जड असतं, आणि मुलाला फोन लावला.

मुलाला फोन लावायचा हे पहिल्या तारखेचं चौथं काम. ते थर्मनने नव्हे, थर्मनच्या मरणाने लावून दिलं होतं. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालू असताना सेड्रिक तळलेल्या कोंबडीचा तुकडा हातात धरून म्हणाला होता, "मॉम, तू डेन्व्हरला यायचंस. एकटी राहायचं नाहीस." त्याच्या बायकोने, जॉयने, खालच्या मजल्यावर खोलीसुद्धा तयार ठेवली होती; स्वतंत्र बाथरूम, टबाला धरायला दोन दांडे. दांड्यांचा उल्लेख ऐकून ओडेसाच्या कपाळाची शीर उठली. "ज्या दिवशी तुझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर मला वाजवता येणार नाही," ती सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्या दिवशी माझी बॅग मी भरीन. तोवर दांडे तूच धर." लोक हसले. अंत्यविधी सांभाळणारे मिस्टर पेटीग्रू शेजारीच उभे होते, ते कामावर असताना कधी हसायचे नाहीत, ते म्हणाले, "मी साक्षीदार." आणि झालं. गंमत म्हणून म्हटलेल्या वाक्याला साक्षीदार मिळाला की त्याचा कायदा होतो. तेव्हापासून दर पहिल्या तारखेला ती फोन करायची, सेड्रिक "हॅलो" म्हणायचा, ती "पाच" म्हणायची, मग हवापाणी. त्या सकाळी सेड्रिक "हॅलो" म्हणाला आणि ओडेसा म्हणाली, "सगळं ठीक आहे." पलीकडे किंचित थांबल्यासारखं झालं. मग सेड्रिक म्हणाला, डेन्व्हरला बर्फ पडलंय. ओडेसा म्हणाली, इथे टल्सात उकडतंय. दोघांचंही खरं होतं, आणि फोन ठेवल्यावर ओडेसाला आपण चोरी केल्यासारखं वाटलं.

ती काम करायची ते मिस्टर पेटीग्रूंकडे. स्वतःचं सलून तिने थर्मनच्या आजारपणात दुसरीला दिलं, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस ती मेलेल्या बायकांचे केस करायची. ही गिऱ्हाइकं उत्तम. मान हलवत नाहीत, नवऱ्याबद्दल सांगत नाहीत, आणि आरसा बघून "मी असं सांगितलं नव्हतं" म्हणत नाहीत. तिच्याच जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या आता याच रस्त्याने तिच्याकडे परत येत होत्या, आणि कुणाचा भांग कुठल्या बाजूला हे ती त्यांच्या मुलींना न विचारता सांगू शकायची. पण याच कामामुळे तिला एक गोष्ट माहीत होती जी पिस्तूल विकणाऱ्यांना, विकत घेणाऱ्यांना आणि त्यावर वाद घालणाऱ्यांना माहीत नव्हती. बावीस, बत्तीस, अडतीस हे गोळीच्या जाडीचे आकडे बाकी लोक डबीवर वाचायचे. ओडेसाने ते दुसऱ्या टोकाला वाचले होते. सहा वर्षांपूर्वी एक बाई आली होती, शाळेत भूगोल शिकवायची. कानामागे एक भोक, शर्टाचं बटण बसेल एवढं. ओडेसाने एक बट वळवून त्यावर सोडली आणि ते नाहीसं झालं, एका बटेत. तिने त्यापूर्वी किंवा त्यानंतर कधी विचारलं नाही, पण त्या दिवशी विचारलं. मिस्टर पेटीग्रू हातमोजे काढता काढता म्हणाले, "बावीस." मग, चर्चमध्ये सगळ्या बायकांना म्हणतात तसं, म्हणाले, "सिस्टर ओडेसा, बट सुंदर बसली आहे." ती घरी आली, आणि वॉफल करून एकटीने चार खाल्ले. आता कंगवा धरताना ती बोटाकडे लक्ष ठेवू लागली. कात्री चालत होती, पिना खोचता येत होत्या, फक्त ती एकच गोष्ट होत नव्हती. जणू बोटाने सगळा विचार करून नेमकी तीच निवडली होती. ती मनाशी म्हणाली, बोटाला डेन्व्हरला जायचं असेल तर बोटाने जावं. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला नवं पिस्तूल बघायला हवं. छोटं, पर्समध्ये राहणारं, या हाताला झेपणारं. "तुझ्या बापाचं" या शब्दांतून वाट कशी काढायची ते पुढचं पुढे.

बुधवारी सकाळी चर्चच्या तळघरात बायकांचा बायबलचा वर्ग असायचा, आणि त्यानंतर जेवण. ओडेसाने शेजारी बसलेल्या सिस्टर युलालीच्या कानात हळूच विचारलं, तू काय बाळगतेस? युलालीला ऐकायला कमी यायचं. "काय बाळगते? पिस्तूल?" ती म्हणाली, आणि चौदा बायकांनी मक्याचा पाव खाली ठेवला. या तळघराचा एकच कडक नियम होता: येताना जे काही पर्समध्ये असेल ते पर्समध्येच राहील. त्यामुळे प्रत्येकीने आपापलं पिस्तूल हाताने दाखवायला सुरुवात केली, बाळं दाखवतात तसं. एवढंसं. नाही गं, एवढंसं, आणि बाजूला असं गोल. पास्टरची बायको आपलं बायबलच्या चेनवाल्या कव्हरात ठेवायची. तिने नुसतं कव्हर थोपटलं आणि गोड हसली.

"नऊ मिलिमीटर घे," युलाली म्हणाली. "त्याच्या खालचं काही घेऊ नकोस. माझ्या दिराने छोटं घेतलं होतं, चोर हसला."

"तुझ्या दिराला बघून कुणीही हसेल," मागून सिस्टर विनिफ्रेड म्हणाली. "ओडेसा, नऊ घेऊ नकोस, हात मोडेल. तीनशे ऐंशी घे. तेवढंच जाड असतं, दम थोडा कमी. आपल्या वयाला शोभतं."

"आणि बावीस?" ओडेसाने विचारलं.

तळघरभर एक उसासा गेला. "बावीसने माणूस नुसता चिडतो, सिस्टर," युलाली म्हणाली. "बावीस मारण्यापेक्षा त्याला पत्र लिही." सगळ्या हसल्या. ओडेसाही हसली, आणि तिला ती बट दिसली. भूगोलाच्या बाई कुणावर चिडल्या नव्हत्या. तिने भाजी वाढून घेतली. मग तिला वाटलं, या चौदा जणींपैकी नऊ-दहा जणींचे केस आपल्यालाच करायचे आहेत, हात चालला तर. आणि या विचाराने का कोण जाणे तिच्या पोटात एकदम ऊब आली. विनिफ्रेडचा भांग डावीकडे. युलालीला कपाळावर केस नकोत. हे डेन्व्हरमध्ये बसून कोण सांगणार? तिथे तिला एकाही बाईचा भांग माहीत नव्हता.

दुकानातला मुलगा पंचविशीचा होता, दाढी छातीपर्यंत, नाव टकर. त्याने आधी गुलाबी पिस्तूल काढलं. ओडेसाने त्याच्याकडे थर्मनकडे बघायची तसं बघितलं. टकरने ते परत ठेवलं. मग नऊ मिलिमीटरचं काढलं, तळहाताएवढं, आत बिस्किट तर नाही ना याची खात्री करून घ्यावी इतकं हलकं. दुकानाच्या मागे कागदी माणसांवर नेम धरायची लांब खोली होती. ओडेसाने कानाला झाकणं लावली, एक गोळी झाडली आणि पिस्तूल काउंटरवर ठेवून दोन्ही हात काखेत घातले. "लहान आहे म्हणून जास्त मारतं, मॅडम," टकर म्हणाला. "गोळी तीच, पण धक्का जिरवायला वजन नाही. लोकांना वाटतं छोटं म्हणजे सोपं. छोटं जास्त तापट असतं." ओडेसा म्हणाली, माझी नणंद अशीच आहे, चार फूट दहा इंच. तीनशे ऐंशीवाल्याचा धक्का बरा होता, पण पहिली गोळी वर आणण्यासाठी त्याचा वरचा भाग मागे खेचावा लागायचा आणि तो तिच्या हातात गोंदाने चिकटवल्यासारखा बसून राहिला. टकरने शिकवलं, पिस्तूल पोटाशी धरा, ढकला, ओढू नका. तिने ढकललं. पिस्तूल जागेवर राहिलं, टकर मागे सरकला. बत्तीसचं तसंच. या सगळ्यात तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक पिस्तूल हातात आलं की ती आधी ते रिकामं असल्याची खात्री करत होती, टकरने केलेली असली तरी, आणि मग डोळे मिटून एकदा वाजवत होती.

"मॅडम, तुम्ही नेमकं काय बघताय?" टकरने विचारलं.

"आवाज."

"गोळीचा?"

"गोळी नसल्याचा."

टकरने दाढी खाजवली. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. पण मुलगा चांगल्या घरचा होता. त्याने काउंटरवर हिरवं फडकं पसरलं, आठ पिस्तुलं मांडली, आणि दुपारच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं तेवढा वेळ ती दोघं डोळे मिटून खटके ऐकत बसली. एक पेनासारखं वाजलं. एक दारासारखं. एक असं वाजलं की टकर म्हणाला, हे विकू नये. मग ओडेसाने पर्समधून थर्मनचं रिव्हॉल्व्हर काढून, रिकामं करून, त्याच्या हातात दिलं. टकरने ते एकदा वाजवलं. खट्. फडक्यावरच्या सगळ्या पिस्तुलांनी माना खाली घातल्यासारखं वाटलं. "याला तोड नाही," टकर म्हणाला. "हेच ठेवा ना. हलक्या दमाची काडतुसं घाला. आणि माझी आजी दोन्ही हातांच्या दोन्ही तर्जन्या घालते चापात. एकावर एक. डाव्याने उजव्याला ओढायचं. बाकीच्या बोटांनी मूठ धरायची." ओडेसाला ते चित्र दिसलं: अंधाऱ्या पार्किंगमध्ये कुणीतरी चालून येतंय आणि आपण त्याला थांबा म्हणतोय, दुसरं बोट घालू द्या. दोन दांडे, दोन बोटं. "तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग," ती म्हणाली, "पण मी अजून एवढी म्हातारी झालेली नाही." ती सदुसष्ट वर्षांची होती. टकरची आजी, नंतर कळलं, चौसष्टची.

शेवटी उरलं ते बावीसचं. प्लॅस्टिकची मूठ, काहीही खेचायचं नाही; बाजूची कळ दाबली की नळी सिगारेटच्या लायटरसारखी वर उघडायची, त्यात एक काडतूस घालायचं, नळी बंद करायची, बास. चाप ओडेसाच्या बोटाने ओढला, अगदी मुकाट. तिने डोळे मिटायच्या आत टकरने हात पुढे केला. "हे रिकामं नाही वाजवायचं, मॅडम. बावीसचं काम वेगळं असतं, आतला दट्ट्या काडतुसाच्या कडेवर पडतो. काडतूस नसलं तर तो लोखंडावर आपटतो आणि बोथट होतो." ओडेसाने ते बावीसचं फडक्यावर ठेवलं. सबंध दुकानात तिच्या हाताला झेपणारं एकच पिस्तूल, आणि नेमकं तेच रिकामं वाजवायला मनाई. टकरला तिचा चेहरा बघवला नाही. तो आत जाऊन एक पुडी घेऊन आला. भिंतीत स्क्रू बसवण्याआधी भोकात घालतात त्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या. "या बावीसमध्ये बरोबर बसतात," तो म्हणाला. "खुंटी घाला, मग हवं तेवढं वाजवा. सगळे हेच करतात." ओडेसाने पिस्तूल घेतलं, काडतुसांची डबी घेतली, आणि भिंतीच्या खुंट्या घेतल्या, टकरने त्यांचे पैसे लावले नाहीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तिने नळी उघडून पिवळी खुंटी घातली आणि वाजवलं. पिच्. टूथपेस्टचं झाकण बसल्यासारखं. चाप आला, तोंडात गोळा झालेलं काहीच बाहेर पडलं नाही. ती तोंड उघडून बसून राहिली. पाचांऐवजी अकरा वेळा वाजवलं. प्रभूचे आभार भिंतीच्या खुंटीवर मानता येत नाहीत हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी ते तसं होतं. आणि ते बावीसचं होतं, म्हणून प्रत्येक पिच्चला ती बट थोडी हलायची. थर्मनचं रिव्हॉल्व्हर तिने कपाटात टॉवेलांखाली ठेवलं होतं आणि तिथून ते काही बोलत नव्हतं, पण बोलत नसल्याचं कळत होतं. सेड्रिकला फोन केला. "हॅलो." "सगळं ठीक आहे." पुन्हा ते थांबणं. "मॉम, थँक्सगिव्हिंगला गुरुवारी सकाळी पोचतो मी. जॉयला सुट्टी नाही, एकटाच येतोय." ओडेसाला माहीत होतं, तो जेवणानंतर विचारणार. सेड्रिक पोट भरलं की खरं विचारायचा, लहानपणापासून. त्याला खोटं सांगून हे घर राखता येईल का, हा एकच प्रश्न घेऊन ती तीन आठवडे झोपली आणि उठली. मध्येच ती खोल्यांतून फिरायची आणि साध्या साध्या वस्तूंना हात लावायची. भट्टीची जाळी. झाडूचा दांडा. खिडकीतलं मेपल आता नागडं झालं होतं. आभार तिच्यात तुंबून राहिले होते. सगळ्या वस्तूंबद्दल ते होते, फक्त जायला वाट नव्हती.

सेड्रिक गुरुवारी येणार होता, तो बुधवारी दुपारी अडीचला आला. ओडेसा टेबलाशी बसून पिवळी खुंटी घालून सराव करत होती, कारण खोटं बोलायचंच तर निदान नव्या पिस्तुलाचा हात तरी बसलेला असावा. अंगणात गाडीचं दार वाजलं. पर्स दुसऱ्या खोलीत. ड्रॉवर अडकलेला. तिने उठून जे जवळ होतं ते उघडलं, पिस्तूल आत सरकवलं आणि दार लावलं. जवळ होता तो ओव्हन. थर्मन गेल्यापासून तिने ओव्हन पेटवला नव्हता, थँक्सगिव्हिंगची टर्की चर्चमधून तळून यायची. ओव्हन तिच्यासाठी तव्यांचं कपाट झाला होता.

"मॉम!" सेड्रिक आत आला. चव्वेचाळीस वर्षांचा, बापासारखाच दारातून थोडा तिरका आत येणारा. हातात फॉइल लावलेल्या, रताळ्याचं गोड सारण भरलेल्या दोन पाय-पेस्ट्री. "जॉयने दिल्यात. साडेतीनशे फॅरनहाइटवर गरम करून घ्यायच्या म्हणाली. लवकर आलो म्हणून रागावलीस का?"

"तुझी खोली झाडलेली नाही. हात धू."

ती चादर आणायला आत गेली. चादर काढली, उशीला अभ्रा घातला, दुसऱ्या उशीला घालताना बोट दुखलं म्हणून दोन मिनिटं खाटेवर बसली. थोड्या वेळाने एक वास आला. आधी तिला वाटलं, डेन्व्हरचा असेल. मग छतावरचा गजर बोंबलला, एकदम तब्येतीत, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून सेड्रिकचा आवाज आला, फार सभ्य आणि सपाट.

"मॉम. तुझ्या ओव्हनमध्ये पिस्तूल आहे."

ओडेसा दारात आली. सेड्रिक ओव्हनसाठीचे फुलाफुलांचे जाड हातमोजे, मिटन, घालून पत्र्याचा ट्रे धरून उभा होता. ट्रेवर पिस्तुलाची मूठ चीजसारखी एका बाजूला ओघळली होती आणि नळीतून पिवळा थेंब लोंबत होता.

"आहे असं आता म्हणता येईल का, बघ," ओडेसा म्हणाली.

"यात गोळ्या आहेत?" सेड्रिकने ट्रे अंगापासून लांब धरला.

"भिंतीच्या खुंट्या आहेत."

सेड्रिकने ट्रे सिंकमध्ये ठेवला, झाडूच्या दांड्याने गजर बंद केला, खुर्चीत बसला आणि मिटन न काढताच तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. ओडेसाला आधी वाटलं रडतोय, मग वाटलं हसतोय, मग दोन्ही. वाजवायच्या आधी काडतुसं वेगळी काढायची (आज ती दुसऱ्या खोलीत होती), आधी बघायचं, मग पुन्हा बघायचं. हे तिने कधी ठरवून केलं नव्हतं, एकतीस वर्षं थर्मन तिच्या हातात बसून ते करत होता. तिने भिंतीला हात टेकवला.

"साडेतीनशे सांगितलं होतं जॉयने," ती म्हणाली.

"मी साडेचारशेवर ठेवला. भूक लागली होती."

"आणि या घरात ओव्हन पेटवायच्या आधी काय करायचं?"

सेड्रिकने मिटन खाली घेतले. तो सात वर्षांचा दिसत होता. "उघडून बघायचं," तो म्हणाला. "डॅड आत तवे ठेवायचे."

"तुझ्या डेन्व्हरच्या घरी तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणी आहे का? का मी येऊ?" हे तोंडातून निघून गेलं आणि ओडेसाने ओठ मिटले. येऊ हा शब्द टेबलावर पडला आणि दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"मॉम," सेड्रिक हळू म्हणाला, "बारा वर्षं तू पाच म्हणतेस. पाच ऐकलं की मी कॉफी घेतो आणि माझा महिना सुरू होतो. ऑक्टोबरपासून सगळं ठीक आहे म्हणतेस. सगळं ठीक आहे असं तू फक्त डॅडच्या आजारपणात म्हणायचीस. म्हणून एक दिवस आधी आलो."

ओडेसा उठली, कपाटातल्या टॉवेलांखालून थर्मनचं रिव्हॉल्व्हर काढून आणलं. तिने सगळं सांगितलं, बोट, चर्च, टकर, खुंट्या. सेड्रिकने चकती उघडली, काडतुसं बशीत ओतली, खिडकीकडे धरून पाच भोकं बघितली, तिच्याकडे वाकवून तिला दाखवली, तिनेही बघितली. मेपलची नागडी फांदी पाच वेळा. मग त्याने ते तिच्या हातात दिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. हे त्याने बरोबर बापासारखं केलं. तिने कॅलेंडरावर नेम धरला आणि एका बोटाने ओढलं. अर्ध्यावर. कळ आली, खुर्ची टाकून बसली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात पाला गोळा करायचं यंत्र चालू होतं. तिला टकरची आजी आठवली, चौसष्ट वर्षांची, न बघितलेली, दोन बोटं घालून निवांत उभी. मेलेल्या बाईचे दाट केस कापताना एका हाताला कात्री झेपली नाही तर ओडेसा दुसरा हात लावायची, त्यात कधी लाज वाटली नव्हती; केसांना काय कळतं किती हात होते. तिने डावी तर्जनी आत घातली, उजवीवर. दोन्ही वाकड्या, एकमेकींच्या गाठींत नेमक्या बसल्या, जशा काही त्यासाठीच वाकल्या होत्या. ओढलं.

खट्.

सेड्रिकने वळून बघितलं. "दोन बोटं," तो म्हणाला.

"मी किती बोटं म्हणाले होते?"

त्याने विचार केला. "किती ते नव्हतीस म्हणाली."

"साक्षीदार आहे. मिस्टर पेटीग्रू. आज त्यांच्याकडे चारपर्यंत उघडं असतं."

"नको," सेड्रिक म्हणाला, आणि तो हसला, पोट भरलेलं नसताना. "मला मान्य आहे." मग जरा वेळाने, ट्रेकडे बघत, "दांडे मी जॉयला काढायला सांगतो. टबात पाय लागतो त्यांना."

पहिला खटका नुसताच गेला होता, गडबडीत. ओडेसाने तो थर्मनच्या नावावर टाकला. दुसरा, खट्, काडतुसं दुसऱ्या खोलीत होती त्याबद्दल. तिसरा त्या दाढीवाल्या पोराबद्दल आणि त्याच्या आजीबद्दल, आणि नमस्कार असा टोचून पाठवल्याबद्दल क्षमा. चौथा विनिफ्रेडचा भांग, युलालीचं कपाळ, अजून करायचे असलेले सगळे केस, आणि भूगोलाच्या बाई, ज्यांची बट सुंदर बसली होती. दोन महिन्यांचं तुंबलेलं एकदम निघत होतं, एका खटक्यात मावत नव्हतं, ओठ हलत राहिले. पाचवा नेहमीचाच. एकतीस वर्षं आणि दोन महिने. खट्.

तिने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, फोन उचलला आणि नंबर लावला. समोर तीन फुटांवर बसलेल्या सेड्रिकच्या खिशात फोन वाजला. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने भुवया उंचावल्या. त्याने एक मिटन काढलं, खिशातून फोन काढून कानाला लावला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हॅलो?"

"पाच," ओडेसा म्हणाली.